तिसरा महिना सरेपर्यंत

"अहो, चारला गाडी येईल तिची. तुमचं ते किरणपुराण आज नको," मंदाकिनीबाईंनी स्वयंपाकघरातूनच बजावलं.

दीनानाथांनी कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून इतक्या येरझाऱ्या घातल्या होत्या, की एव्हाना सिंहगड गाठला असता. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढलेला माणूस. किरणं काय करतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. लेक स्वराली हवाईसुंदरी. आज मुंबईहून शिकागोचं विमान, आणि तिला दुसरा महिना. तेवढ्या उंचीवर आकाशातली किरणं अंगावर येतात. जाऊन-येऊन छातीचे पाचसहा एक्स-रे काढल्यासारखंच. प्रवाशाचं एक वेळ भागतं, हिला महिन्यातून तीन-चार खेपा.

कंपनीला कळवलं, की लगेच उड्डाणं बंद. पण कळवणार कोण? तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही, हा मंदाकिनीबाईंचा दंडक. दृष्ट लागते म्हणे. आणि जपायचे तर नेमके तेच महिने! गेल्या वर्षीही घरात असंच तोंडाला कुलूप होतं. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. विमानामुळेच, असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही. तरी दीनानाथांचं मन त्यांना खात होतं.

स्वराली बॅग ओढत बाहेर आली, तसे ते दारात आडवे उभे राहिले.

"जाऊ नकोस. ऑफिसला खरं काय ते सांग."

"अहो, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत," दीनानाथ म्हणाले. बायकोला असं उत्तर त्यांनी आजवर दिलं नव्हतं. मग किरणांचं सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं.

स्वराली ऐकत राहिली. "बाबा, हे तुम्हाला गेल्या वर्षी माहीत होतं?"

"होतं."

"दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बाईला आधी विचारायचात ना, दिवस गेलेत का म्हणून? परक्या बायकांना?"

दीनानाथ दारातून बाजूला झाले.

स्वरालीनं मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. "मी आज येत नाहीये. प्रेग्नंट आहे. हो, दुसरा महिना." पलीकडून काहीतरी विचारलं. "नाही, पहिलं नाही. आधीचं राहिलं नाही."

दीनानाथांनी तिची बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.