दारावरची खोटी पाटी

खोटं बोलले मी, मान्य आहे. पण करणार काय? पंचवीस वर्षं आमच्या टेक्सासात क्वचितच दिसलेला गोवर आता घराघरात शिरला होता. सहा महिन्यांच्या आत लस देत नाहीत, आणि माझ्या तान्ह्या आब्रामला त्याला बावीस दिवस कमी. त्यात आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांची रविवारची रीत! दुपारी न सांगता कॉफीला यायचं, दार न वाजवता आत शिरायचं. दाराला साधी कडी नाही हो आमच्या! म्हणून मी पाटी लावली: ‘घरात गोवर आहे. येऊ नका.’

“धडधडीत खोटं! तेही रविवारी!” सासूबाई सकाळपासून कुरकुरत होत्या. त्या जन्मात कधी खोटं बोलल्या नाहीत की त्यांनी कधी पाहुणा परतवला नाही.

दोनच्या ठोक्याला सासूबाईंची जुनी मैत्रीण हेलेनामावशी गाडीतून उतरली. हातात कोंबडीच्या सूपचं पातेलं, मागे सात नातवंडं.

“अगं, आजारपण असं एकटीनं काढतात का? ही पोरंही आणलीत, एकदाच सगळ्यांना होऊन जाऊ दे. कुठाय पेशंट? त्याच्याच चमच्यानं पाजते सगळ्यांना.”

मी हादरलेच. “मावशी, कुणालाच गोवर नाही! पाटी खोटी आहे!”

“मग एवढं तोंड काय पाडतेस?” मावशी प्रेमानं म्हणाली. “आमच्या या धाकट्याला कालपासून ताप आहे, डोळेही लाल झालेत. त्याच्याकडून घ्या की!” आणि आलीच की पायरी चढून.

तेवढ्यात सासूबाई मला बाजूला सारून दारात उभ्या राहिल्या.

“हेलेना, पातेलं तिथंच ठेव. पोरांना घेऊन घरी जा.”

“पण पाटी तर खोटी आहे ना?”

“खरी आहे. मेक्सिकोत होतो तेव्हापासून आहे माझ्या घरात गोवर. माझी लेक नेता त्यातच गेली, आठ महिन्यांची होती. तेव्हाही तू अशीच सूप आणि तापलेलं पोर घेऊन आली होतीस.”

हेलेनामावशीनं पातेलं हळूच पायरीवर ठेवलं आणि पोरांना गाडीत कोंबलं.

नेता हे नाव सात वर्षांच्या संसारात मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

“रडतेस काय? सूप आत आण,” सासूबाई म्हणाल्या. “मला लहानपणीच होऊन गेलाय, मी पिईन. मीठ कमीच असणार म्हणा, हेलेनाचं आहे. लशीला किती दिवस उरलेत म्हणालीस?”

“बावीस.”

त्यांनी आपली झुलती खुर्ची ओढत नेऊन दाराला टेकवली आणि तिच्यात ठाण मांडलं. “जेवण इथंच आणून देत जा.”