खंडेनवमीची साफसफाई

मित्रांनो, माझ्या पाठीवर अजून एका गिरणीचा शिक्का आहे. मी एक जुना संगणक. संपानंतर रडतखडत चाललेली ती गिरणी अखेर बंद झाली आणि मी भंगारात निघालो. संगणक दुरुस्त करणाऱ्या हरेश्वरने मला उचललं, माझ्यात लिनक्स ही प्रणाली घातली आणि घोडपदेवच्या भजनी मंडळाच्या खोलीत आणून ठेवलं.

माझ्या पोटात हरेश्वरने कॅसेटवरून उतरवलेला दगडूचा आवाज होता. संपात तो गिरणीच्या गेटवर गायचा. तो वारला, पुढे त्याची कॅसेटही तुटली. उरला तो माझ्यातलाच आवाज. त्याची बायको गंगुबाई रोज संध्याकाळी तो ऐकायला यायची. तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान वाटे.

खंडेनवमी आली. गिरणीत या दिवशी मशिनी पुसून, तेलपाणी करून पूजत. गुणाजी तिथला जुना फिटर, आता आमच्या मंडळातला; त्याचे हात शिवशिवू लागले. मला बाहेरून लखलखीत पुसलं आणि हा बाबा आत शिरला! मुख्य पासवर्ड त्याला ठाऊक होता. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे मला सांगणारी फाइल त्याने उघडली. एका ओळीआधी # अशी खूण होती. ती ओळ केव्हाच काढून टाकलेल्या डिस्कची. खूण असली की मी ओळ वाचत नाही, म्हणून हरेश्वरने ती लावली होती.

“ह्यो कसलो कचरो!” म्हणत गुणाजीने खूण पुसली, फाइल सेव्ह केली आणि मला बंद करून पुन्हा सुरू केलं.

मी हादरलो! नसलेली डिस्क आणू कुठून? मी तिथेच अडलो. पडदा काळा पडला. तेवढ्यात गंगुबाई झेंडूचा हार घेऊन दारात आली.

“गुणाजी, माझ्या घोवाचो आवाज खंय गेलो?”

गुणाजीने हरेश्वरला फोन लावला. हरेश्वर धावत आला.

“काका, फाइलची कॉपी काढलेली का?”

“नाय रे. नुसतो कचरो पुसलंय.”

हरेश्वरने सोबत आणलेल्या लिनक्सच्या सीडीवरून मला जागं केलं, ती ओळ शोधली आणि खूण परत लावली. मी सुरू झालो. आवाज होता तिथेच होता. हरेश्वर गाणं लावू लागला, तशी गंगुबाई ओरडली, “थांब! आधी दुसरी कॉपी काढ. मगे ऐकतंय.”

मित्रांनो, आमच्या आतल्या फाइलींना हात लावण्याआधी त्यांची प्रत ठेवा. अर्थ कळत नसेल ती खूण पुसू नका आणि बदल तपासल्याशिवाय आम्हाला बंद करू नका. त्या दिवशी कोऱ्या सीडीवर गाण्याची प्रत उतरेपर्यंत गंगुबाई हार मांडीवर घेऊन बसून होती. दगडू गाऊ लागला, तेव्हा कुठे तिने तो हार मला घातला.