वरवंडची तिसरी पार्टी

मला इचारायची खोड हाय. लहानपणापासनं हाय, आन् तिच्यापायी मार बी लई खाल्ला. वरवंडात हमरस्त्याच्या कडंला माझं चहाचं हाटेल हाय. हाटेल म्हंजी काय, चार बांबू, वर पत्रा, एक चूल आन् दोन बाकडी. सोलापूरकडनं पुण्याला जाणाऱ्या गाड्या माझ्या चुलीम्होरं थांबायच्या. डायवर लोकांच्या बोलण्यातला एखादा शब्द मला अडला, की मी कप हातातच धरून ठेवायची. "आधी सांग परमीट म्हंजी काय, मग चहा." ते बिचारे सांगायचे. काही तर मुद्दाम नवीन शब्द घेऊन यायचे. एकदा एकजण म्हणला, गाडीचा विमा काढलाय. मी म्हणलं, "भीमा नदी मला ठाऊक हाय बाबा, हा विमा कुठला?" तो इतका हसला, की चहा नाकात गेला. पर सांगितलं मात्र न्हाई. तो शब्द माझ्या डोक्यात तसाच पडून ऱ्हायला.

मग माझा पाय मोडला.

गुऱ्हाळं चालू होती तवाची गोष्ट. आमचे सरपंच हौसराव, त्यांचा ट्रक गूळ भरून दौंड टेशनावर जायचा. त्यांचा डायवर म्हस्कू माझ्या हाटेलाजवळ गाडी मागं घेत होता. मागं उभं राहून "आन दो, आन दो" म्हणायचं काम क्लीनरचं, आन् क्लीनर गेला होता बिडी पेटवायला. मी कडंला बसून कपबश्या इसळत होते. गाडी मागं आली ती थेट माझ्या पायावर. मी असल्या शिव्या दिल्या म्हस्कूला, की दोन दिस तो घराभाईर पडला न्हाई.

गावातल्या वैद्यानं कामट्या बांधल्या. पाय जुळला, पर वाकडा जुळला. उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. आता चुलीम्होरं बसता आलं न्हाई तर मी चहा करायचा कसा? पुण्याच्या डाक्टरनं पाय दाबून बघितला आन् म्हणला, हाड पुन्हा मोडून नीट बसवावं लागंल, लई दिस दवाखान्यात पडून ऱ्हावं लागंल, न्हाईतर जन्मभर असंच. खर्च ऐकला आन् मी परतीच्या येष्टीत येऊन बसले.

तवापासनं चूल इझलेली, आन् मी माझी जाऊ साळूबाई, तिच्या वसरीवर पडलेली. साळूबाई वाईट न्हाई. पर भाकरी वाढताना ती एक सुस्कारा टाकायची, आन् तो सुस्कारा माझ्या घशात अडकायचा. हौसरावांनी गुळाची ढेप धाडली. पाय मोडल्यावर गूळ! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. ढेप मात्र परत केली न्हाई. मला माझी चूल पायजे होती, दुसरं काय बी नगं होतं.

एक दिवस हौसराव सोताच वसरीवर आले. फेटा वाकडा, तोंड तांबडंलाल.

"मावशे, गावात ही तिसरी पार्टी कोण काढतंय?"

आता आमच्या गावात दोन पार्ट्या. एक हौसरावांची, दुसरी भिमाजीआप्पांची. देवळातला पार बी दोघांनी वाटून घेतलेला. हौसरावांचे लोक पूर्वेच्या अंगाला बसणार, भिमाजींचे पश्चिमेच्या. त्यात पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. तिसरी पार्टी निघाली तर दोघांची बी मतं फुटायची.

"मला काय ठाऊक?" मी म्हणलं. "कोण म्हणलं असं?"

"दौंडचा विमा एजंट, योसेफ. तो म्हणतो, तुमच्या गाडीचा विमा हाय, पर तो थर्ड पार्टीचा हाय. माझा बंपर वाकला, मागचा दिवा फुटला, त्याचं कंपनी छदाम देणार न्हाई. देणार ते फकस्त थर्ड पार्टीला! आता सांग, हप्ता मी भरायचा आन् भरपाई तिसऱ्या पार्टीला? आरं, कोण हाय ही पार्टी?"

"म्हंजी हप्ता भरला की मोडतोडीचे पैसे मिळत्यात, तोच का विमा? मग तुमच्या बंपरचं बी मिळंल असा नसतो व्हय?"

"असतो की. फुल विमा. पर तो महाग पडतो." हौसराव जरा खाली बघून म्हणले.

मग ते माझ्याजवळ सरकले आन् आवाज बारीक केला. "हे बघ मावशे. तुझा पाय माझ्या गाडीनं गेला, ते मला खातंय. पुण्यास्नं कंपनीचा सायेब तुझ्या पायाच्या चौकशीला येणार हाय. त्याला सरळ सांग, मी हौसरावाच्याच पार्टीची. त्यांच्याच गाडीवरनं आले होते, गूळ उतरवायला. विमा माझा, मग माझ्या माणसाला कंपनी न्हाई कशी म्हणंल? तुझा पाय बी नीट होईल, आन् तिसरी पार्टी बी उपाशी बसंल."

त्यांच्या मनात पाप न्हवतं, हे मी आज बी सांगते. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याचा विमा, त्याच्या माणसांना फायदा.

दिवस मावळायच्या आत भिमाजीआप्पा हजर. गावात भिंतीला कान असत्यात, आमच्या वसरीला तर भिंत बी न्हाई.

"झुंबरबाई, त्याचं ऐकू नगंस," आप्पा म्हणले. "विमा हौसरावाचा, तर थर्ड पार्टी म्हंजी त्याच्या इरोधातली. म्हंजी आमची! तू सायबाला सांग, मी भिमाजीआप्पाच्या पार्टीची. झालं तुझं काम."

ते गेले आन् मी इचारात पडले. पुण्यातल्या कंपनीला आमच्या गावातल्या पार्ट्या कशा ठाऊक? कळल्या कुणाकडनं? आन् दोन पार्ट्या सोडून तिसरीलाच का देणार? खरं सांगते, चुलीसाठी मी खोटं बोलायला बी तयार होते. पर कुठलं खोटं बोलायचं, तेच कळंना.

सायेब आला तो जागा बघायची म्हणून माझ्या हाटेलापाशीच आला. मला बाकड्यावर आणून बसवलं. संगं तो एजंट योसेफ होता. शिरूरच्या मिशनमध्ये वाढलेला माणूस, अंगात कोट, बोलणं धुतल्यावाणी स्वच्छ. ह्या बाजूला हौसराव आन् त्यांची माणसं, त्या बाजूला भिमाजीआप्पा आन् त्यांची. मधी मी, माझा वाकडा पाय आन् माझी इझलेली चूल.

सायबानं मांडीवर कागद घेतला, पेनचं टोपण काढलं. "बाई, अपघाताच्या वेळी तुम्ही गाडीवर होता का खाली?"

मी तोंड उघडायच्या आत हौसराव पुढं आले. "माझ्याच गाडीवरची बाई हाय सायेब. माझ्याच पार्टीची."

"म्हणजे मालाबरोबर गाडीवर बसून आलेली? तुमची मजूर?"

"व्हय, व्हय."

"साफ खोटं!" भिमाजीआप्पा वरडले. "ती आमच्या पार्टीची हाय!"

"कसल्या पार्टीची?" सायेब गोंधळला. दोन्हीकडनं एकच गलका उठला. मी मात्र योसेफकडं बघत होते. हौसराव "व्हय" म्हणले तवा त्याचं तोंड एकदम उतरलं होतं. त्यानं तोंड उघडलं आन् सायबाकडं बघून पुन्हा मिटलं. मी मनात म्हणलं, कायतरी चुकतंय.

सायबानं हात वर करून सगळ्यांना गप केलं. "बाई, तुम्हीच सांगा. मालक म्हणतात तसं लिहू का?"

माझ्या जिभेवर "व्हय" आलं होतं. खरंच आलं होतं. पर माझी खोड आडवी आली.

"सांगते सायेब. पर आधी मला एक सांगा. थर्ड म्हंजी तिसरी ना? मग पहिली पार्टी कोण आन् दुसरी कोण?"

"ते तुम्हाला कशाला पाहिजे?"

"पाय माझा मोडलाय, तुमचा न्हाई. सांगा!"

सायबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं योसेफकडं मान हलवली. योसेफ तर त्याचीच वाट बघत होता. तो माझ्याम्होरं येऊन उभा ऱ्हायला.

"मावशी, विमा म्हणजे दोघांतला करार. पहिली पार्टी गाडीचा मालक. म्हणजे हौसराव. दुसरी पार्टी विमा कंपनी."

"आन् आमची पार्टी कितवी?" भिमाजीआप्पांनी छाती काढून इचारलं.

"आप्पा, तुम्ही यात कुठंच नाही."

असा हशा पिकला म्हणता! आप्पांचीच माणसं पोट धरून हसली. आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

"मग तिसरी कोण?" मी इचारलं.

"ज्याला त्या करारात कुणी विचारलं नाही," योसेफ म्हणला. "ज्याची सही नाही, अंगठा नाही. ज्याला माहीतच नाही की असा काही करार झालाय. पण गाडी आली की ज्याच्या अंगावर जाते, तो म्हणजे तिसरी पार्टी. रस्त्यानं जाणारं कुणीही."

"आन् जी मालकाची माणसं गाडीवर बसलेली असत्यात?"

"त्यांना ह्या विम्यात काही नाही, मावशी." हे तो माझ्याकडं बघून म्हणला, पर सांगत होता हौसरावांना.

मी माझ्या पायाकडं बघितलं. लोकांना वाटलं, पायाच्या इचारात पडली. मी पायाच्या इचारात न्हवते. 'ज्याला कुणी विचारलं नाही' ऐकलं आन् मला माझं लगीन आठवलं. माझा बाप आन् माझा सासरा लिंबाखाली बसून सुपारी फोडत होते. मी आत दळत होते. आत कुणी इचारायला आलं न्हाई. पुढं दीर आन् नवरा वाटणीला बसले, तवा बी मी आतच होते. जलमभर मी काय हाय त्याला शब्द सापडला न्हवता, आन् तो हा दौंडचा एजंट आपला बोलता बोलता सांगून गेला.

"लिवा सायेब," मी म्हणलं. "मी कुणाच्याच पार्टीची न्हाई. गाडीवर न्हवते. हितं, ह्या दगडापाशी, कपबश्या इसळत होते."

"पण मालक तर वेगळं सांगतात." सायबानं पेन तसंच धरून हौसरावांकडं बघितलं.

सगळा गाव हौसरावांकडं बघायला लागला. निवडणूक तोंडावर, समोर भिमाजीआप्पा, आन् सरपंचानं चारचौघांत आपलं एक मत हातानं सोडायचं. वर खोटं बोललो हे बी कबूल करायचं. त्यांनी फेटा काढला, डोकं पुसलं, पुन्हा घातला. माझी चूल त्या माणसाच्या तोंडात होती.

"न्हाई सायेब," हौसराव म्हणले. "ती माझी न्हाई. गाडीवर बी न्हवती, माझ्या पार्टीत बी न्हाई. कवाच न्हवती. ती तिची तीच हाय. मी खोटं बोललो, मला समजलं न्हवतं."

मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा मान वाटला. डोळ्यात पाणी आलं ते मी पदरानं टिपलं आन् म्हस्कूवर खेकसले, "बघतो काय, चूल पेटव! सायबाला चहा नगं व्हय?"

कंपनीनं लई खेटं घालायला लावलं. योसेफ दर वक्ताला कागद घेऊन यायचा आन् मी दर वक्ताला त्याच्याकडनं एक नवा शब्द काढून घ्यायची. शेवटी पैसे मिळाले आन् पाय पुण्यात नीट झाला. निवडणूक बी तवर लांबली होती; तिला दोन्ही पार्ट्यांनी मला न्यायला बैलगाड्या धाडल्या. मी दोन्ही परत लावल्या आन् चालत गेले. मत कुणाला दिलं ते साळूबाईला बी सांगितलं न्हाई.

परवाचीच गोष्ट. राहू गावाकडनं एक लग्नाचं वऱ्हाड ट्रकमधनं आलं आन् माझ्यापाशी थांबलं. दोन्ही व्याही खाली उतरले आन् मानपानावरनं भांडायला लागले. कुणाचा आहेर हलका, कुणाच्या पावण्यांना पान मिळालं न्हाई. नवरी वर ट्रकातच बसलेली. तोंडावर मुंडावळ्या, ऊन डोक्यावर. तिला कुणी उतर म्हणलं न्हाई, पाणी इचारलं न्हाई.

मी पहिला कप भरला आन् सरळ चालत ट्रकाकडं निघाले. मुलाचा बाप भांडण सोडून म्हणला, "ओ बाई, आधी पावण्यांना द्या की!"

"आधी थर्ड पार्टीला," मी म्हणलं.

त्याला काय कळलं न्हाई. पोरीनं मात्र मुंडावळ्या बाजूला सारल्या आन् माझ्याकडं वाकून हळूच इचारलं, "थर्ड पार्टी म्हंजी काय वो, मावशी?"

इचारलं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी तिचा हात धरला आन् तिला खाली उतरवलं.

"बस ह्या बाकड्यावर," मी म्हणलं. "चहा पी. सांगते."