थिओपोनचं ना हरकत पत्र

इथं परदेशात आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवातल्या एकांकिका स्पर्धेसाठी संहिता छाननी समिती असते. २०१४ साली तिच्यात मला घेतलं, कारण मी निवृत्त होऊन बिशानला मुलीकडे राहत होतो आणि समितीला वेळ असलेला माणूस हवा होता. आयुष्यभर पुण्यात मी विनोदी सदरं लिहिली. कुठून उचललंत, असं कुणी कधी विचारलं नाही, एवढंच माझं साहित्यातलं यश.

अध्यक्ष श्रीनिवासराव. बँकेत आयटीचे मॅनेजर, स्वभावानं चौकशी अधिकारी. चिटणीस स्मिता. बैठक तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, टिश्यूचं पाकीट ठेवून अडवलेल्या टेबलावर.

"काका, हे वाचलंत?" श्रीनिवासरावांनी आवाज अगदी खाली आणला. आजूबाजूला मराठी कळणारं कुणीही नव्हतं.

संहिता हिरा गजभियेची होती. मूळची नागपूरची, इथं एका प्रयोगशाळेत संशोधक, मंडळात नवी. नाटक बावीसशे वर्षांपूर्वीच्या रोममधलं. एक ग्रीक माणूस युद्धात पकडला जातो, रोममध्ये गुलाम होतो आणि मालकाची मुलं शिकवायला बसतो. शिकवायचं काय? लॅटिनमध्ये पुस्तकच नाही. मग तो समुद्रावर भरकटलेल्या राजाचं ग्रीक महाकाव्य लॅटिनमध्ये आणतो, तेही ग्रीक वृत्तात नव्हे, तिथल्या जुन्या गावठी चालीत. पहिल्याच ओळीतली ग्रीक काव्यदेवी उठवून तिथं गावच्या झऱ्याची देवी बसवतो. हे सगळं हिरानं ओवीत लिहिलं होतं. पुढे रोम मोठं युद्ध जिंकतं, उत्सवात नाटक हवं असा हुकूम निघतो आणि हाच माणूस ग्रीक नाटकांची लॅटिन नाटकं करून देतो.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"तोच तर प्रॉब्लेम आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "पहिलंच नाटक आणि चांगलं?"

त्यांनी चौथं पान उघडलं. नायक रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना सांगतो: 'मंडळी, आजचं नाटक मूळ ग्रीक. कर्ता थिओपोन. मी फक्त त्याला लॅटिन कपडे घातलेत.'

"ही लेखी कबुली आहे. आणि फॉर्मवर खूण कुठं केलीय, तर 'स्वतंत्र' या चौकोनात."

फॉर्मवर दोनच चौकोन होते. 'स्वतंत्र' असेल तर लेखकाचं नाव पुस्तिकेत. 'रूपांतर' असेल तर मूळ लेखकाचं ना हरकत पत्र जोडायचं. पत्र नसेल तर प्रयोग नाही. हा नियम मंडळात दोन वर्षांपूर्वी एका भांडणातून जन्माला आला होता, त्यामुळे तो फार कडक होता.

हिराला बोलावलं. ती ऑफिसातून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र.

"थिओपोन कोण?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. मी तयार केला."

"मग नाव कशाला टाकलं?"

"रोममध्ये तशी पद्धत होती. ग्रीक मूळ सांगितलं की लोकांना नाटक भरवशाचं वाटायचं. ही पद्धत खरं तर थोडी नंतरची. मी मागे ओढली."

"म्हणजे फेरफारही केलाय."

स्मितानं ते लिहून घेतलं.

"आणि नायकावर चोरीचा आरोप होतो तो प्रवेश?"

"तोही नंतरचाच. ग्रीकांकडून घेतलं तर चोरी नव्हती. पण गावातल्याच दुसऱ्या लेखकानं आधी लॅटिन केलेलं घेतलं, की चोर म्हणून बोंब."

श्रीनिवासराव थोडे सरळ बसले. "हे कुणाला उद्देशून आहे?"

"रोमनांना."

"तुमच्या घरात नाटकाचं वातावरण वगैरे?" त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं.

"होतं ना. आजोबा आंबेडकरी जलशात होते. तिथं लेखकाचं नाव विचारायला पोलीस यायचे. समिती पहिल्यांदाच बघतेय."

स्मितानं हे लिहून घेतलं नाही.

हिरा उठता उठता एवढंच म्हणाली, "सर, नाटक पडलं तर पडू द्या. पण दुसऱ्याचं म्हणून पाडू नका. आई आलीय नागपूरहून. तिला मी सांगितलंय की मी लिहिलं."

आठवडाभर तपास चालला. मी नातीला, ऋताला, थिओपोन इंटरनेटवर शोधायला लावलं. "नथिंग ला, आजोबा," ती इथल्या इंग्रजीत म्हणाली. श्रीनिवासरावांचा निष्कर्ष असा की नाव मुद्दाम बदललेलं आहे. त्यांनी ग्रीक शिकवणाऱ्या कुठल्याशा प्राध्यापकाला ईमेल केली. उत्तर आलं: या नावाचा नाटककार माझ्या माहितीत नाही, मात्र ज्या ग्रीक नाटकांवरून लॅटिन नाटकं झाली, त्यातली बहुतेक हरवलेली आहेत.

"बघा," श्रीनिवासराव म्हणाले, "नाही असं तेही म्हणत नाहीत."

"पण हरवलेल्या नाटकातून ती चोरणार कशी?" स्मिता म्हणाली.

"हरवलं कसं, हाच माझा प्रश्न आहे."

खोटं कशाला बोलू, शंका मलाही होती. माझं कारण वेगळं: ओव्या फार सहज उतरल्या होत्या. सहज लिहिलेलं सहसा दुसऱ्याचं असतं, हा स्वानुभव. म्हणून शनिवारी मी क्वीन्सटाउनला तिच्या फ्लॅटवर गेलो. दार तिच्या आईनं, सविताबाईंनी उघडलं. हिरा खाली भाजी आणायला गेली होती.

"तुम्ही समितीचे का?" बाईंनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका. बसा म्हणाल्या, ते बाकावर बस म्हटल्यासारखं. "पोरीनं कॉपी केली, असं म्हणता म्हणे?"

"अजून म्हटलं नाही. शंका आहे."

"तीस वर्षं पेपर तपासले मी. कॉपीचा पेपर स्वच्छ असतो."

त्यांनी माझ्यासमोर चार वह्या ठेवल्या. पानन् पान खोडलेलं. एक ओवी नऊ वेळा लिहिलेली आणि नवव्यांदाही खोडलेली. झऱ्याच्या देवीपुढे समासात 'नागपूरची विहीर?' असं लिहून वर काट. पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर, जिथं ग्रीक लेखकाचं नाव यायचं, तिथं एकाखाली एक: क्सांथोन, दिओमार, फिलिपोन, थिओपोन. वरची तीन खोडलेली.

"फिलिपोन मी सुचवलं होतं," सविताबाई म्हणाल्या. "पोटाच्या औषधासारखं वाटतं म्हणून तिनं काढलं."

मी वही बंद केली. मूळ लेखकाचं नाव कुणी चाखून चाखून ठरवत नाही.

वह्या घेऊन मी बैठकीला गेलो. श्रीनिवासरावांनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या.

"या नंतर तयार केल्या असतील."

"चार वह्या? आठवड्यात?"

"संशोधक आहे ती. पुरावा तयार करणं हे तर त्यांचं काम."

मग त्यांनी तोडगा काढला. थिओपोनचं वाक्य गाळलं तर ते 'स्वतंत्र' मान्य करतील. हिराला तिथूनच फोन लावला.

"नाही, सर," ती म्हणाली. "ते वाक्य गाळलं तर नाटक रोमचं राहत नाही. ठेवलं तर माझं राहत नाही, असं तुमचं म्हणणं. मला दोन्ही हवंय."

"मग ना हरकत पत्र आणा."

"थिओपोनच्या वतीनं मीच देते. त्याला माझ्याशिवाय कुणी नाही."

स्मिता हसली आणि त्या हसण्यातच तिचं मत ठरलं. मी हात वर केला, तिनंही केला. दोन विरुद्ध एक. श्रीनिवासराव लोकशाही मानणारे गृहस्थ; त्यांनी सही केली, पण सहीखाली शेरा मारला आणि तो पुस्तिकेत छापलाच पाहिजे असा आग्रह धरला. हिरा म्हणाली, "छापा. माझ्या नावाखालीच छापा."

उत्सवाच्या दिवशी सविताबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. चष्मा लावून त्यांनी पुस्तिका वाचली: 'लेखिका: हिरा गजभिये. स्वतंत्र नाटक. (अध्यक्षांची शंका कायम.)'

"शंका कायम म्हणजे काय हो?"

"म्हणजे नाटक चांगलं झालंय, असं अध्यक्षांचं मत आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पर्समधून पेन काढलं, कंस तेवढा खोडला आणि पुस्तिका घडी न करता मांडीवर ठेवली.