पाडळीच्या बियांची गंगी

मी गंगी. हो, गाढवीणच बोलते आहे, आणि जे बोलेन ते खरं बोलेन. रोहिणखेडच्या वरच्या अंगाला जी राखीव टेकडी आहे, तिथल्या एकशेचाळीस जातींच्या देशी झाडांना मी माझ्या पाठीवरून पाणी पाजलं आहे. एवढं काम केलेल्याला थोडा ताठा शोभतो.

माझा जन्म धामणगाव बढ्याजवळच्या एका वीटभट्टीवर झाला. तिथे मला नाव नव्हतं. 'हर्र' म्हटलं की चालायचं आणि 'च्च' म्हटलं की थांबायचं. पाठीला दिवसभर विटांची धग लागायची. मग भट्टीवर ट्रॅक्टर आला आणि आम्हा गाढवांची गरज सरली. आई एका बाजाराला गेली, मी दुसऱ्या.

टेकडीवर मला आणलं ते पाण्यासाठी. टँकर पायथ्याशी थांबायचा. वर चढ असा उभा, की डोक्यावर हंडा घेतलेली बाई निम्म्यात टेकायची. मी मात्र दोन्ही अंगांना दोन कॅन घेऊन न थांबता वर जायचे. "पाणी आणते, मंग गंगीच म्हना हिले," असं पुष्पाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी नावानं हाक मारली.

पुष्पाबाई तिथल्या रोपवाटिकेवर कामाला होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, यांतच तिचं वय गेलेलं. सुरुवातीला ती हसायची, "जंगलच्या झाडाले बी कोनी पानी घालते का?" पण टेकडीवरच्या झाडांच्या सगळ्या संग्रहाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्या प्रतीक्षाताईंनी तिला हळूहळू गोडी लावली. प्रतीक्षाताई शेगावच्या, वनस्पतिशास्त्र शिकलेल्या. बोलायच्या पुस्तकी, पण चिडल्या की शेगाव बाहेर यायचं.

ताईंचा नियम कडक होता. सोयरीक जुळवताना आपल्याकडे घराणं विचारतात ना, तसं त्या प्रत्येक रोपाचं घराणं विचारायच्या. बी कुठलं, कुठल्या झाडाचं, कुणी वेचलं, कधी. ते रजिस्टरात लिहायचं आणि रोपाला नंबराची पत्र्याची चकती बांधायची. घराणं ठाऊक नसलेलं झाड कितीही देखणं असो, आत घ्यायचं नाही. एकदा एक पाहुणे वाढदिवसाची आठवण म्हणून गुलमोहर घेऊन आले. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि गुलमोहर त्यांच्याच गाडीत परत ठेवला.

या सगळ्या गोतावळ्यात त्यांचा सगळ्यात जास्त जीव पाडळीच्या झाडावर. पाडळीची साल आणि मूळ काढ्यात घालतात, म्हणून लोकांनी ती रानोरान खणून नेली. आमच्या भागात एकच मोठं झाड उरलं होतं, पलीकडच्या दरीत. पुष्पाबाईच्या सासऱ्यांना, उकंडरावांना, ते ठाऊक होतं. त्याच्याच बियांपासून ताईंनी एकतीस रोपं केली आणि टेकडीच्या मधल्या टप्प्यावर लावली. त्यांना पाणी घालायला मीच जायचे. एकेका रोपाला एकेक तांब्या.

आता माझ्या चुकीकडे येते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषातली थंडी होती. एका सकाळी पुष्पाबाई आणि ताई वर आल्या, तेव्हा मी पाडळीच्या कुंपणाच्या आत उभी होते. फाटक उघडं. एकतीसपैकी अकरा रोपांचे नुसते खुंट उरलेले. आणि माझ्या तोंडाला हिरवा फेस.

त्याच दिवशी टेकडी सांभाळणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष निवृत्तीराव यायचे होते. ते आले, त्यांनी पाहिलं आणि काठी आपटली.

"गाढवाले झाडायची राखन सांगतली तं हेच होईन! आजच्या आज इकून टाका हिले. भट्टीवाला घेते."

भट्टी म्हटल्याबरोबर माझे कान पडले.

ताई खाली वाकल्या. एका खुंटाची चकती हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. ते रोप त्यांनी बोटभर असल्यापासून वाढवलं होतं.

"थांबा जरासं, दादा. मले पाहू द्या," पुष्पाबाई म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली. एकेका खुंटाजवळ गेली, बोटानं काप चाचपला, भोवतालची माती पाहिली. पुष्कळ वेळ गेला. निवृत्तीरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"ताई, हे पाहा. इळ्यानं कापल्यावानी तिरपा काप हाये. शेंडा खाल्ला नाही, बाजूले पडला हाये. आन् या गोल लेंड्या. हा ससा. वांग्याच्या वाफ्यात म्या हेच पाह्यलं जलमभर. असे नऊ हायेत."

माझे कान जरा वर आले.

"आन् हे दोन गंगीचे. वरून ओरबाडले, पानं चावून खाल्ली. बाजूले खुराचा ठसा बी हाये."

खरं होतं ते. मी दोन खाल्ली होती. दवानं भिजलेली कोवळी पानं समोर, दार उघडं. मोह झाला. पण त्या क्षणी मला पुष्पाबाईचा रागच आला. अकराच्या अकरा सशावर घातले असते, तर कोण ससा उलटून बोलणार होता?

"म्हंजे खाल्लेच ना!" निवृत्तीराव म्हणाले.

"हाव, खाल्ले. पन फाटकाची कडी म्या लावली नव्हती. काल घाईत होती मी. बोलायचं तं मले बोला. आन् हिले इकून ससा थोडाच थांबते? खालून जाळी नाही लावली, तं राह्यलेले वीस बी उद्या जातीन."

निवृत्तीराव कुंपणाजवळ गेले. त्यांनी फाटक पाहिलं, कुंपणाच्या खालची फट पाहिली. "महिनाभर पाहू," एवढं बोलून ते उतरले. दुपारपर्यंत दोघींनी वीतभर चर खणून बारीक जाळी पुरली. जाळीची गुंडाळी वर कुणी आणली असेल, ते सांगायला नको.

गेलेली अकरा रोपं भरून काढायची तर बी हवं होतं, आणि पाडळीच्या शेंगा तडकायचे दिवस तेच. चार दिवसांनी उकंडराव काठी टेकत पुढे, मागे दोघी, त्यांच्यामागे रिकाम्या गोण्या घेऊन मी, असे आम्ही दरीत उतरलो. वाट अशी की शेळीनंही विचार करावा. मी केला नाही.

वाटेत ताईंनी विचारलं, "पुष्पाबाई, तुम्ही सगळे सशावर घातले असते, तर मला कळलंही नसतं. का सांगितलंत?"

"काऊन म्हंजे? एक खोटं चाललं असतं, तं तुमच्या रजिस्टरातलं बाकीचं तरी खरं कशावरून?"

ताई थांबल्या, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागल्या. माझा राग त्या उतारावर कुठेतरी गळून पडला.

झाडाजवळ पोचलो आणि उकंडरावांनी काठीनं खोडाकडे दाखवलं.

कुणीतरी पाडळीची साल काढून नेली होती. एका बाजूची नव्हे. खोडाच्या सगळ्या अंगानं, कमरेइतक्या उंचीचा पट्टा गोल सोलून काढला होता. आतलं लाकूड उघडं पडलं होतं. वर फांद्यांना लांब शेंगा तशाच लोंबत होत्या, जणू झाडाला अजून काही कळलंच नव्हतं.

"जगेल का ते?" पुष्पाबाईनं विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "वरून खाली अन्न उतरायची वाटच तोडली. मुळं उपाशी मरतील. वर्ष, दोन वर्षं." आणि मग त्यांची शेगावची बोली फुटली. "कोनं केलं बे हे? कोनं केलं?"



"माह्या आज्यानं मले हे झाड दाखोलं होतं," उकंडराव म्हणाले. "तवाबी हे एवढंच होतं."

ताईंचा आणखी एक नियम होता. कुठल्याही झाडाचं निम्मं बी त्याच्याखालीच सोडायचं. त्या दिवशी त्यांनी खाली पाहिलं. गुरांनी तुडवलेली जमीन, एकही बाळरोप नाही. वर पाहिलं. मग पुष्पाबाईकडे पाहिलं.

"अवंदा समदं घ्या, ताई," पुष्पाबाई म्हणाली. "माय चालली. लेकरं इथं कोनाच्या भरवशावर ठेवता?"

त्यांनी बांबूच्या आकड्यानं शेंगा उतरवल्या. दोन गोण्या भरल्या. पाडळीचं बी पंखांचं, कागदासारखं हलकं. विटा वाहिलेल्या माझ्या पाठीला ते ओझं जाणवलंच नाही. तरी इतकं जपून मी कधी चालले नव्हते. एका निसरड्या दगडावर मागचा पाय सुटला, तेव्हा तिघांचेही हात पुढे आले. मी गुडघ्यावर आले, पण गोणी जमिनीला लागू दिली नाही.

त्या बियांपैकी चौऱ्याऐंशी उगवल्या. महिन्यानं निवृत्तीराव आले, रोपांचे ट्रे पाहिले, माझ्यापुढे गुळाचा खडा धरला आणि म्हणाले, "ठिवा हिले." दरीतलं झाड दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलं.

आता माझं वय उतरणीला लागलं आहे. प्रतीक्षाताई दुसऱ्या जिल्ह्यात असंच काम उभं करायला गेल्या. संग्रह पुष्पाबाई सांभाळते, आणि नव्यानं शिकायला आलेल्या पोरी तिच्यासमोर वह्या घेऊन बसतात. उकंडराव राहिले नाहीत. पण मधल्या टप्प्यावरच्या पाडळी फुलतात, आणि त्यांच्या वासानं वैशाखातली सकाळ जड होते.

यंदा पावसाळ्यानंतर पुष्पाबाईला कुंपणाच्या बाहेर, वाटेच्या कडेला एक रोप दिसलं. पाडळीचं. कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही. वाऱ्यानं बी नेलं आणि ते रुजलं. तिनं ताईंना फोन लावला. ताईंनी पहिलं विचारलं, नंबर काय द्यायचा?

"नंबर नका देऊ, ताई," पुष्पाबाई म्हणाली. "थे आपल्या मनानं आलं हाये."

"बरं, तसंच राहू द्या," ताई म्हणाल्या.

तुम्ही कधी टेकडीवर आलात, तर उजव्या हाताच्या वाटेनं या. ते रोप अजून घोट्याएवढंच आहे, चटकन दिसत नाही. मी तिथून जाताना चारही पाय जपून टाकते. तुम्हाला तर दोनच आहेत.