मार्लीनची बंदूक

मार्लीनला पुरून दोन महिने झाले होते. एका शुक्रवारी संध्याकाळी तिच्या बापाचा, ओरिन टीगार्डनचा, रसेलला फोन आला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही.

"उद्या सकाळी काय करतोयस?"

"काही नाही," रसेल म्हणाला.

"मग जुने कपडे घालून ये. पांढरं काही घालू नकोस, काळं होतं."

एवढं बोलून म्हाताऱ्याने फोन ठेवला. रसेल फोन हातात धरून तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात सासऱ्याने आपण होऊन त्याला फोन केल्याचं त्याला आठवत नव्हतं. रसेल दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवायचा. ओरिनच्या तोंडातली कवळीही त्यानेच केलेली होती, आणि ती कुठे टोचते, कुठे हलते, याच्यापलीकडे दोघांचं बोलणं कधी गेलं नव्हतं. सासऱ्याला हाक काय मारायची हेसुद्धा त्याचं कधी ठरलं नव्हतं. मार्लीन 'पॅप' म्हणायची. रसेल समोर जाऊन उभा राहायचा आणि म्हातारा वर बघेपर्यंत थांबायचा.

ओरिन खाणीतून निवृत्त झालेला. खाणीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. उरलेला श्वास त्याने ठासणीच्या बंदुकांना दिला होता. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत अशी माणसं गावोगाव आहेत. काडतुसाच्या बंदुका कपाटात ठेवून ती पणजोबांच्या काळच्या बंदुका खांद्यावर टाकतात, नळीच्या तोंडातून दारू ओततात, वरून गोळी ठासतात आणि चकमकीच्या ठिणगीवर बार उडवतात. ओरिन त्या बंदुका नुसत्या उडवत नव्हता, घडवतही होता. मार्लीन लहानपणापासून त्याच्या मागे मागे. शनिवार उजाडला की ती बापाच्या ट्रकमध्ये बसून जायची आणि रसेल घरी कपडे धुवायचा. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या केसांना सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास यायचा. "आधी न्हाऊन घे बाई," तो म्हणायचा. ती मुद्दाम येऊन त्याच्या छातीवर डोकं घासायची.

आता तिची बंदूक ओरिनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेली होती. मेपलच्या लाकडाचा दस्ता, त्यावर वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेघा, आणि गाल टेकायच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं.

"हात लाव. चावत नाही," ओरिन म्हणाला.

त्या दिवशी त्याने रसेलला एकही बार उडवू दिला नाही. बंदूक क्लबच्या बीच रन मैदानावर, झाडीतल्या एका अरुंद दरीत, त्याने नुसतं दाखवलं. शिंगातली दारू आधी मापात घ्यायची, मग नळीत. शिंग थेट नळीला लावायचं नाही, कारण आत एखादी ठिणगी जिवंत असली तर शिंगच हातात फुटेल. मग थुंकीने भिजवलेली चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी, मग ती लांब गजाने आत ठासायची. गजावर एक खूण होती; ती नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी दारूवर बसली. शेवटी नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, चिमूटभर बारीक दारू, रंजक.

"खूण बघितल्याशिवाय रंजक घालायची नाही. गोळी अधेमधे राहिली तर नळी फाटते. मग माझी कवळी करणारा हात कुणाचा शोधू?"

म्हाताऱ्याने केलेला हा पहिलाच विनोद होता. रसेलला हसावं की नाही ते कळेना.

पुढच्या शनिवारी त्याने पहिला बार लावला. चकमकीचा घोडा पडला, रंजक भस्सकन पेटली, नाकासमोर पांढरा धूर झाला, आणि नळीतून काहीच आलं नाही.

"हलू नकोस! तशीच धर. समोर. उशिरानेही उडते. मनात एखादं गाणं म्हण." रसेल बंदूक धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने ओरिनने बारीक तारेने नळीचा कान साफ केला, पुन्हा रंजक घातली. या वेळी बार झाला. रसेलने डोळे गच्च मिटले होते. गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक.

"निशाण तिकडे आहे, तुझ्या पापण्यांच्या आत नाही," ओरिन म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे दोन दाढीवाले हसले. ओरिनने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आपापल्या गजाकडे वळले.

उन्हाळा असा गेला. दर शनिवारी ओरिनचा ट्रक दारात यायचा. रसेलला या खेळाची गोडी लागली होती असं नाही. पण शनिवारची सकाळ घरात काढणं त्याला जमत नव्हतं, आणि मार्लीनबद्दल बोलेल असं दुसरं माणूस नव्हतं. बोलायचा मात्र ओरिनच. सँडविच खाता खाता मध्येच सुरू करायचा. नऊ वर्षांची असताना तिने गज नळीतच ठेवून बार उडवला आणि तो गज समोरच्या ओकच्या झाडात कसा रुतला. तिने पहिलं हरीण मारलं त्या रात्री ती जेवली कशी नाही. रसेल ऐकत राहायचा. यातलं तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्याने मन लावून ऐकलं नसेल.

त्याची मोठी खोड एकच होती. घोडा पडल्यावर बार व्हायला क्षणभर वेळ लागतो, आणि त्या क्षणात तो हलायचा. ओरिन हजारदा सांगायचा, "घोडा पडला म्हणजे संपलं नाही. गोळी बाहेर पडेपर्यंत थांब. तुला सगळं लवकर संपवायची घाई!" एकदा हे बोलून तो एकदम गप्प झाला आणि दिवसभर बोललाच नाही. रसेलला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

शरदात त्याचा हात बसला. कागदावरच्या काळ्या वर्तुळात गोळ्या जाऊ लागल्या. ओरिनने छिद्रांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी काढ."

त्या दिवशी चकमकीच्या बंदुकांचा शिकारीचा हंगाम उघडतो. बाप-लेकीने आजवर तो एकदाही चुकवला नव्हता, ताप असतानाही नाही. रसेलला जीव मारायचा नव्हता. पण नाही कसं म्हणणार?

ते उजाडायच्या आधीच डोंगरावर चढले. बर्फ घोट्यापर्यंत होता. ओरिन दर थोड्या अंतरावर थांबून झाडाला टेकायचा, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. एका मोठ्या हेमलॉकच्या झाडाखाली दोघे बसले. रसेलने बार भरला, खूण बघितली, रंजक घातली, आणि ओल लागू नये म्हणून बंदुकीच्या कानावर चामड्याचा तुकडा बांधला. खाली ओढ्याकडे उतरणारी हरणांची वाट दिसत होती. ओरिनने थर्मासमधली कॉफी ओतली, पण प्यायला नाही.

"चर्चमध्ये मला ती नर्स भेटली," तो हळू आवाजात म्हणाला. "पिट्सबर्गच्या इस्पितळातली. उन्हाळ्यातच भेटली होती. म्हणाली, मार्लीनसाठी अजून एक उपचार होता. डॉक्टर तयार होते. तू मला सांगितलंस, आता काही उरलं नाही."

म्हणजे हे एवढे शनिवार म्हातारा हे पोटात घेऊन बसला होता.

"तुला खर्च परवडत नव्हता का? मला सांगायचंस. मी घर विकलं असतं."

"खर्चाचं नव्हतं."

"मग? तू कंटाळलास?"

हा प्रश्न ओरिनने रागाने विचारला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे विचारत होता, जणू कबुली मिळाली तरी चालेल, पण एकदाचं काहीतरी मिळू दे.

मार्लीनने रसेलकडून शब्द घेतला होता. पॅपला सांगायचं नाही. रसेलने तो शब्द आजवर पाळला होता. पण समोर बसलेल्या माणसाला 'हो, मी कंटाळलो' असं खोटं सांगणं त्याच्याने झालं नाही.

"तिने नाही म्हटलं. त्या उपचाराने दोन-तीन महिने मिळाले असते, तेही उलट्या करत. ती म्हणाली, बास. डॉक्टरांनीच हात टेकले असं तुम्हाला सांगायचं, हेही तिनेच ठरवलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही तिला हो म्हणायला लावलं असतं."

ओरिन बर्फाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. लावलं असतं."

कपातली कॉफी निवली. आणि तेव्हाच खालच्या वाटेवर एक हरिणी आली. एकटीच, जमीन हुंगत. ओरिनने रसेलच्या गुडघ्याला बोट लावलं आणि हनुवटीने खूण केली: मार.

रसेलने चामडं सोडलं, घोडा ओढला. नळीवरची नेमाची माशी हरिणीच्या खांद्यावर आली. पण त्याचं मन अजून त्या बोलण्यातच होतं. थांबायला हवं होतं, नको म्हणायला हवं होतं, आणि तेवढ्यात त्याचं बोट दाबलं गेलं. रंजक पेटली. ओल्या हवेत बार व्हायला नेहमीपेक्षा उशीर झाला, आणि त्या उशिरात तो हलला.

धूर विरला तेव्हा हरिणी पाठ वाकवून झाडीत पळत होती.

"पोटात," ओरिन म्हणाला. त्याने नुसत्या पळण्यावरून ओळखलं होतं. "बस. लगेच मागे लागलो तर आणखी पळेल."

ते बसले. मग उठले आणि मागावर निघाले. बर्फावर रक्ताचे थेंब, काळपट, त्यात हिरवट काहीतरी मिसळलेलं. ती दोनदा बसली होती. त्या जागी बर्फ वितळून खळगा झाला होता. ओरिन पुढे, वाकून, दम खात. रसेल बंदूक भरून मागे.

"तुम्ही परत जा. मी शोधतो," तो एकदा म्हणाला.

"तुला वाचता येतं का हे?" ओरिनने बर्फाकडे बोट केलं. "मग गप चल."

दुपारी बर्फ पडायला लागला आणि माग पुसत गेला. ओढ्याच्या काठी तो संपलाच. पलीकडे दाट झुडपं होती. ते वर गेले, खाली गेले, पाण्यात उतरून पलीकडे गेले. अंधार झाला. ओरिनचे ओठ निळे पडले होते.

"उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. ओढ्यापासून फार लांब नव्हती. रात्री कोल्ह्यांनी तिला गाठलं होतं. बरगड्या आणि कातडं उरलं होतं, आणि भोवतालचा बर्फ तुडवून चिखल झाला होता. रसेल झाडामागे जाऊन ओकला. परत आला तेव्हा ओरिन टोपी हातात घेऊन उभा होता.

"मार्लीनला त्रास झाला का? शेवटी?"

"शेवटचे दोन दिवस नाही," रसेल म्हणाला. "त्याच्या आधी झाला. खूप झाला."

"मी रोज येत होतो. मला म्हणायची, आज बरं वाटतंय."

"तुम्ही यायच्या आधी ती मला केस विंचरून द्यायला सांगायची."

ओरिनने टोपी घातली. उतरताना दोनदा रसेलने त्याला आधाराला हात पुढे केला. पहिल्यांदा त्याने धरला, दुसऱ्यांदा नाही.

त्यानंतर ओरिनचा ट्रक दारात आला नाही. मार्लीनची बंदूक रसेलकडेच राहिली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्लीनचं वर्षश्राद्ध म्हणावं तर तसं काही त्यांच्यात नसतं. रसेल थडग्यावर गेला तेव्हा तिथे आधीच कुणीतरी बर्फ झाडून ठेवला होता. त्याने ओरिनला फोन केले. वाजत राहायचे. एप्रिलात तो एकटाच बीच रनला गेला. त्या दाढीवाल्यांपैकी एकाने त्याला कॉफी दिली आणि सांगितलं, "ओरिन नाताळापासून फिरकला नाही रे. तुमचं काही झालं का?"

"काही नाही," रसेल म्हणाला. त्याने थोडे बार उडवले, बरे लागले, पण ते दाखवायला कोण होतं? बंदूक आपल्या गाडीत मागे टाकून तो सरळ ओरिनच्या घरी गेला.

म्हातारा अंगणातल्या खुर्चीवर बसला होता. बारीक झाला होता. नाकाखाली प्राणवायूची नळी, शेजारी टाकी. रसेल समोर जाऊन उभा राहिला.

"ही परत आणलीय," तो म्हणाला. "तुमची आहे."

"तिची आहे. मला नको." ओरिनने थोडा श्वास घेतला. "ऐक. माझा तुझ्यावर राग नाही. राग असता तर सोपं होतं, इतके महिने तेच करून बघितलं. पण तुला बघितलं की ती मला फसवून गेली हे आठवतं. आणि तिचं बरोबर होतं हेही आठवतं. मला दोन्ही सोसत नाही."

"मग मी येऊ नको?"

"आत्ता नको."

"मग कधी?"

"मी सांगेन ना." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "बंदुकीची नळी तशीच घाण ठेवलीयस, गंजेल. जा, घरी नेऊन धू."

रसेल निघाला. ओरिनने त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्याचा श्वास थांबला, इस्पितळात, बहिणीचा मुलगा जवळ असताना. रसेलला बातमी क्लबमधल्या माणसाकडून कळली. दफनाच्या वेळी त्या दाढीवाल्यांनी रांगेत उभं राहून हवेत बार काढले आणि रसेललाही रांगेत घेतलं. त्याचा बार सगळ्यांच्या मागून झाला, एकटाच, उशिरा. शेजारच्याने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि धूर हळूहळू थडग्यांवरून खाली रस्त्याकडे गेला.