जावईबापूंची गाडी

"जावईबापू, शर्यतीत नाव घातलंय का?"

मी गॅरेजच्या पिटात, गाडीखालच्या खड्ड्यात उभा होतो. जावई वर, गाडीशेजारी उकिडवा बसून माझ्या हातांकडे बघत होता.

"नाही हो बाबा. वळणावर गाडी फार कलते, म्हणून."

डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार गाडीला वळणावर कलू देत नाही. कंपनीचा बार चांगला होता. तरी याने जाड बार विकत आणले होते, पुढचा आणि मागचा, दोन्ही. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा चपलेच्या टाचेसारख्या झिजलेल्या. याची कचेरी घरापासून हाकेच्या अंतरावर, मग वळणं आली कुठून? पाणी कुठेतरी मुरत होतं. आणि माझी एकुलती एक लेक या माणसाच्या शेजारी बसणार!

एक नट आवळून झाला की तो वाकून मोबाइलवर फोटो काढत होता.

"लग्नाचा अल्बम करताय का?"

"तिला पाठवायचेत."

"तिला कशाला?"

तो पुढच्या नटाचा फोटो काढायला वाकला.

मी पाना खाली ठेवला. "हे बघा, ताकाला येऊन भांडं लपवू नका. गाडी कुठे पळवता?"

"मी नाही पळवत, बाबा. तीच नेते. डोंगरावरच्या दवाखान्यात बदली झाल्यापासून रोज."

"ती तर दवाखान्याच्या बसने जाते!"

"तुम्हाला काळजी नको, म्हणून तसं सांगितलं."

"बरं. मग फोटो कशाला?"

त्याने मोबाइल खिशात घातला. "मागच्या महिन्यात तुम्ही चाकं काढून बसवलीत ना? डाव्या चाकाचे दोन नट ढिले निघाले. उतारावर. तिनेच खाली उतरून आवळले."

मी चाळीस वर्षं हेच काम करतोय. नट कसा आवळायचा हे लेकीला मीच शिकवलं, ती फ्रॉक घालत होती तेव्हा.

"मग गाडी दुसरीकडे न्यायची होती."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, बाबांना कळलं तर चार दिवस जेवणार नाहीत. तू फक्त शेजारी उभा राहा."

मी पुन्हा पाना उचलला. बार धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा शेवटचा नट दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून ओढला. हलेना. मग पाना वर धरला.

"उतरा खाली. ओढून बघा."

"राहू द्या हो बाबा."

"उतरा म्हणतो ना!"

तो कचेरीच्या कपड्यांतच खाली उतरला. पाना नटावर बसवला, जरासा जोर दिला. नट फिरला. चांगला अर्धा वळसा.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे नाही.

"आता पलीकडचा," मी म्हणालो. भिंतीवरची बॅटरी काढली आणि उजेड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली.